एकनाथांचा चांगुलपणा : कथांतला आणि ग्रंथांतला

मराठी भाषेंत 'चांगला' हा शब्द माणसास लागतो, मडक्यास लागतो आणि पुस्तकासहि लागतो. मडकें बोटानें वाजवून तें पक्कें कीं कच्चें हें कुंभार सांगूं शकतो. पुस्तकाविषयीं चार जाणते वाचक पुष्कळ भांडून अखेरीस कांहीं तरी ठरवितात. परंतु माणूस चांगला म्हणजे काय, हें सांगण्याची वेळ आली कीं आपण शब्दांच्या आड लपतों. त्यांतहि तो माणूस ग्रंथकार असला तर घोटाळा दुप्पट होतो. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत फडके आणि खांडेकर यांच्या निमित्तानें 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद मराठी मासिकांतून गाजला. त्यांत साहित्याच्या हेतूची चर्चा मनसोक्त झाली. पण चांगलें लिहिणें आणि चांगलें वागणें यांचा एकाच माणसाच्या आयुष्यांत काय संबंध असतो, हा साधा प्रश्न त्या धुराळ्यांत बहुतेक राहूनच गेला, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न नुसत्या तत्त्वाच्या भाषेंत सोडवूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. म्हणून तो एका चरित्रावर तपासून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. तें चरित्र पैठणच्या एकनाथांचें. ज्ञानेश्वरांचें नांव काढलें कीं आपणांस प्रज्ञा आठवते, तुकारामांचें काढलें कीं तळमळ आठवते, रामदासांचें काढलें कीं करारीपणा आठवतो. एकनाथांचें नांव काढलें कीं प्रथम आठवतो तो त्यांचा चांगुलपणा. 'शांतिब्रह्म' ही पदवी महाराष्ट्रानें दुसऱ्या कोणास दिली नाहीं. ग्रंथकार म्हणून एवढा मोठा आणि तरीहि ग्रंथापेक्षां स्वभावानेंच अधिक ओळखिला जाणारा दुसरा पुरुष आमच्या वाङ्मयांत दाखवितां येणें कठीण आहे.

प्रथम कांहीं गोष्टी नीट मांडून घेतल्या पाहिजेत. नाथांच्या जन्मशकाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पुष्कळ जण इ. स. १५३३ चा आसपास धरितात. त्यांचा अंत सामान्यतः १५९९ सालीं मानितात आणि फाल्गुन वद्य षष्ठी ही त्यांची तिथि नाथषष्ठी म्हणून पैठणास अजून मोठ्या यात्रेनें पाळली जाते. पणजोबा भानुदास हे पंढरीची विठ्ठलमूर्ति विजयनगराहून परत आणल्याच्या कथेमुळें प्रसिद्ध. आईबाप लहानपणींच गेले. आजोबा चक्रपाणि यांनीं नातवाचा सांभाळ केला. गुरु जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. म्हणजे ज्या गुरूपाशीं नाथांची घडण झाली, त्याच्या घरीं भक्ति आणि सरकारी दप्तर हीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं. हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग पडेल. राज्य अहमदनगरच्या निजामशाहीचें. १५६५ सालीं तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर बुडालें, तेव्हां नाथ ऐन उमेदींत होते. आणि ते गेल्यावर थोड्याच दिवसांत, १६०० सालीं, अहमदनगर मोंगलांच्या हातीं पडलें. या दोन मोठ्या पाडावांच्या मध्यें हें आयुष्य गेलें. परंतु नाथांच्या हजारों ओव्यांत या लढायांचा इतिहास शोधूं गेल्यास निराशा होते. दप्तराची भाषा मात्र त्यांच्या भारुडांत जागोजाग भेटते : अर्जदस्त, अभयपत्र, कौल, ताकीद. देवाकडे अर्ज करावयाचा तोहि कचेरींतल्या मायन्यानें. हा विनोद नाथांस सुचला, कारण तें दप्तर त्यांनीं स्वतः हाताळलें होतें.

आतां चांगुलपणाच्या कथांकडे वळूं. त्या शाळकरी मुलांसहि पाठ आहेत. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन पुन्हां पुन्हां थुंकतो आणि नाथ न रागावतां एकशें आठ वेळां स्नान करितात. काशीचें गंगोदक कावडीनें रामेश्वरास नेत असतां वाटेंत वाळवंटांत तहानेनें तडफडणारें गाढव दिसतें. नाथ तें पाणी त्याच्या तोंडांत घालितात, आणि बरोबरचे यात्रेकरू कपाळास हात लावितात. श्राद्धासाठीं शिजलेल्या अन्नाचा वास दारावरून जाणाऱ्या महार कुटुंबास येतो, मुलांच्या तोंडास पाणी सुटतें. नाथ तें अन्न त्यांनाच वाढितात आणि निमंत्रित ब्राह्मण उपाशी व क्रुद्ध होऊन उठतात. भर दुपारीं तापल्या वाळूंत चुकलेलें महाराचें मूल नाथ कडेवर घेऊन त्याच्या आईकडे पोंचवितात. घरीं चोर शिरतात, त्यांना नाथ जेवूं घालितात.

या कथा आपणांपर्यंत पोंचल्या त्या मुख्यतः ताहराबादच्या महीपतीमुळें. त्याचा 'भक्तविजय' १७६२ सालचा आणि 'भक्तलीलामृत' १७७४ सालचें. म्हणजे नाथ गेल्यावर दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तेव्हां हें चरित्र या रूपांत बांधिलें गेलें. महीपति प्रामाणिक आहे. ऐकिलें तें लिहिलें, असेंच त्याचें म्हणणें असतें. पण दीडशें वर्षांत ऐकण्याचेंहि पुष्कळ होतें. तेव्हां इतिहासाच्या अभ्यासकानें या कथांचें काय करावें? एक पक्ष त्या जशाच्या तशा घेतो, दुसरा चमत्कारांबरोबर त्यांस केरांत टाकितो. आम्हांस तिसरा मार्ग दिसतो. कथा खरी कीं खोटी हें विचारण्याआधीं ती कोठून आली हें विचारावें.

नाथांचा सर्वांत मोठा पुरा झालेला ग्रंथ म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका, जिला आपण 'एकनाथी भागवत' म्हणतों. अठरा हजारांहून अधिक ओव्या, एकतीस अध्याय. पैठणास आरंभ आणि काशीस शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या, कार्तिकी पौर्णिमेस समाप्ति. या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायांत अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची कथा आहे. त्याचें धन जातें, तो भिक्षु होतो, आणि गांवचे दुष्ट लोक त्याची विटंबना करितात. इतकी, कीं ते त्याच्या मस्तकावर थुंकतात. तो शांत राहतो आणि या दुःखाचें मूळ लोकांत नसून आपल्या मनांत आहे, असा विचार करितो. पुढें एकोणतिसाव्या अध्यायांत कृष्ण उद्धवास सांगतो कीं, हंसणाऱ्या स्वकीयांची आणि स्वतःच्या लाजेची पर्वा सोडून कुत्रा, चांडाळ, गाय आणि गाढव यांना जमिनीवर पडून दंडवत घालावें. थुंकी आणि गाढव, अंत्यज आणि हंसणारे सोबती, हें सर्व साहित्य नाथांच्या चरित्रांत येण्यापूर्वीं त्यांच्या ग्रंथांत होतें! दिसेल त्या प्राण्यास दंडवत घालणाऱ्या दंडवतस्वामी नांवाच्या शिष्याची कथाहि याच श्लोकाच्या पोटांतून निघाल्यासारखी दिसते.

यावरून कोणी म्हणेल, मग कथा कल्पित ठरल्या, विषय संपला. आम्हांस तसें वाटत नाहीं. उलट एक फार महत्त्वाची गोष्ट यावरून कळते. ज्या लोकांनीं हा ग्रंथ ऐकला, त्यांना तो नुसता ऐकून भागलें नाहीं. ज्यानें हें लिहिलें तो तसा वागलाच असला पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरला, आणि ग्रंथांतील एकेक वचनाची हमी म्हणून ग्रंथकाराच्या आयुष्यांतून एकेक प्रसंग मागून घेतला. आमच्या समाजानें ग्रंथकाराकडून किती मोठें तारण मागितलें, याचें हें चरित्र म्हणजे दस्तऐवज आहे. हें तारण नाथांपाशीं मागावेंसें कां वाटलें आणि इतर शेंकडों टीकाकारांपाशीं कां वाटलें नाहीं, हा प्रश्न तरीहि उरतोच. संस्कृतांत भागवतावर टीका करणारे पंडित थोडे झाले नाहींत. त्यांच्यावर कोणी थुंकल्याची कथा आपल्या कानीं आलेली नाहीं. कांहीं तरी बीज पैठणच्या वाड्यांत होतें, म्हणूनच कथेचा वेल तेथें चढला, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. शिऊरची बहिणाबाई ही महीपतीच्या आधींच्या शतकांतली. वारकरी पंथाच्या इमारतीचें जें रूपक तिच्या नांवावर सर्वत्र म्हटलें जातें, त्यांत नाथांच्या वांट्यास खांब आला आहे, आणि तो खांब भागवताचा आहे. तेथें गाढव नाहीं आणि यवनहि नाहीं. प्रथम ग्रंथ, मागाहून दंतकथा, हा क्रम यावरूनहि दिसतो.

ज्या कामाची तारीख नाथांनीं स्वतः लिहून ठेविली आहे आणि ज्याविषयीं कोणत्याहि दंतकथेची गरज नाहीं, अशा एका कामाकडे आतां येऊं. तें काम ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचें. आमच्या मतें नाथांच्या चांगुलपणाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि आश्चर्य असें कीं, कीर्तनांतून त्याची कथा गाढवाच्या कथेच्या दशांशानेंहि सांगितली जात नाहीं.

ज्ञानेश्वरी झाली शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें. नाथांच्या काळापर्यंत तिला जवळजवळ तीनशें वर्षें झालीं होतीं. छापखाना नाहीं, प्रत्येक प्रत हातानें नकललेली. नकलणारा कधीं डुलक्या घेई, कधीं जुना शब्द न कळून ओळखीचा शब्द घाली, आणि कधीं भक्तीच्या भरांत स्वतःची ओवीहि आंत सोडून देई. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण तो वाईट हेतूनें केलेला नसतो. भक्ताला वाटतें, माउलीच्या ग्रंथास आपलें एक फूल वाहिलें. अशा फुलांनीं मूळ मूर्ति झांकून जाते. नाथांनीं निरनिराळ्या प्रती पाहून, पाठ ताडून, शके १५०६ च्या तारण संवत्सरांत, भाद्रपदांतल्या कपिलाषष्ठीच्या पर्वणीवर, गोदातीरीं पैठणास हें काम पुरें केलें. इ. स. १५८४. ग्रंथाच्या शेवटीं त्यांनीं ही तिथि नोंदिली आहे, आणि मूळ ग्रंथ अति शुद्ध असून पाठांतरांमुळें तो बिघडला होता, असें कारणहि दिलें आहे. पुढच्या लोकांस त्यांनीं एक ताकीदहि दिली आहे. तिचा आशय असा कीं, या ग्रंथांत जो आपली ओवी घालील, त्यानें अमृताच्या ताटांत नारळाची करवंटी ठेविल्यासारखें होईल.

ही ताकीद कोण देतो आहे, तें पाहा. ज्याच्या हातून एकट्या भागवतावर अठरा हजार ओव्या उतरल्या, ज्यानें काशींत बसून 'रुक्मिणीस्वयंवर' रचिलें, ओवी ज्याच्या जिभेवर श्वासासारखी होती, असा कवि. जेथें एखादा चरण तुटला असेल, अर्थ लागत नसेल, तेथें शोभेशी ओवी घालणें हें त्याला एका निमिषाचें काम होतें, आणि ती कोणास ओळखूंहि आली नसती. अशा माणसानें कवित्व बाहेर ठेवून केवळ नकलनविसाच्या आसनावर बसावें, आणि तीनशें वर्षांपूर्वींच्या दुसऱ्या कवीचा शब्द खरा कोणता एवढेंच शोधीत राहावें, याला आम्ही नुसती विद्वत्ता म्हणत नाहीं. तहानलेल्या गाढवास पाणी पाजतांना निदान तें गाढव समोर तडफडत असतें. येथें ज्याच्यावर उपकार करावयाचा तो तीनशें वर्षांपूर्वीं समाधिस्थ झालेला, आणि लबाडी केली असती तरी तक्रार करणारा कोणी नाहीं.

येथें एक दंतकथा आठवल्याखेरीज राहत नाहीं, आणि ती मात्र आम्ही आनंदानें मान्य करितों. देवगिरीस गुरुगृहीं असतां जनार्दनस्वामींनीं एकनाथांवर हिशेबाचें काम सोंपविलें होतें. एके दिवशीं हिशेबांत एका पैचा फरक राहिला. नाथ रात्रभर दिव्यापाशीं वह्या उलगडीत बसले आणि पहाटेच्या सुमारास चूक सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली. तेव्हां स्वामी म्हणाले कीं, एका पैची चूक सांपडल्याचा एवढा आनंद, तर हेंच चित्त देवाकडे लागेल तेव्हां काय होईल! कीर्तनकार या गोष्टीचा रोख देवाकडे वळवून पुढें जातात. आम्हांस ती पै सोडवत नाहीं. रात्रभर पै शोधणारा तो तरुण आणि प्रौढपणीं पाठ शोधणारा तो पंडित हे एकच आहेत, हें ज्या कोणा कथाकारास प्रथम जाणवलें असेल, तो मोठा मर्मज्ञ होता. आळंदीच्या समाधींत अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठास लागली होती व ती नाथांनीं जाऊन काढिली, ही कथाहि याच जातीची. ज्याचा शब्द गुदमरला त्याचा कंठ मोकळा करणें, हें पाठशुद्धीचें वर्णन कोणत्या प्रबंधांत याहून चांगलें आलें आहे?

नाथांच्या या कामावर आक्षेपहि आहेत, आणि ते दडविणें योग्य नव्हे. १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापिली. तेव्हांपासून नाथांच्या प्रतींत मूळ भाषेचीं जुनीं रूपें कितपत टिकलीं, हा वाद चालत आला आहे. आजच्या संपादनशास्त्राप्रमाणें नाथांनीं कोणत्या प्रती पाहिल्या, कोठें कोणता पाठ टाकिला, याची यादी द्यावयास हवी होती. ती त्यांनीं दिलेली नाहीं. पण सोळाव्या शतकांतल्या माणसाकडून विसाव्या शतकाचीं परिशिष्टें मागणें हा न्याय नव्हे. आपल्या काळच्या साधनांनीं आपल्या हाताला त्यांनीं किती आवर घातला, तें पाहावयाचें.

भागवताच्या वेळीं मात्र त्यांनीं हात आंखडला नाहीं. कथा अशी कीं, पहिले पांच अध्याय काशीस पोंचले आणि तेथील पंडितांनीं देशभाषेंत भागवत आणल्याबद्दल नाथांस जाब विचारिला. अखेर तोच ग्रंथ मिरवणुकीनें गौरविला गेला. मिरवणूक खरी असो वा नसो, वाद खरा होता. कारण पहिल्याच अध्यायांत, संस्कृत देवांनीं केली म्हणावें तर प्राकृत काय चोरांनीं केली, अशा अर्थाचा रोखठोक सवाल नाथांनींच टाकिला आहे. तेव्हां ज्यांना नाथ म्हणजे सदैव मान तुकविणारा गृहस्थ वाटतो, त्यांनीं हा अध्याय पुन्हां वाचावा. शिव्या गिळणाऱ्या माणसाला आपल्या भाषेची शिवी गिळवली नाहीं.

आतां भारुडांचा विचार करूं, कारण तेथें आमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहे. नाथांच्या नांवावर तीनशेंच्या आसपास भारुडें आहेत. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, आंधळा, बहिरा, मुका आहे, विंचू चावलेली बाई आहे, फकीर आहे. एका संवादांत तर हिंदु आणि तुर्क एकमेकांच्या धर्मांतलीं व्यंगें काढून यथेच्छ भांडतात आणि शेवटीं गळ्यांत गळा घालितात. चाळिसांहून अधिक भारुडें महाराच्या तोंडचीं आहेत. तो दाराशीं येऊन जोहार घालितो, देहरूपी गांवाची हजेरी घेतो, आणि पाटील-कुळकर्ण्यांपासून सर्वांस मरणाची व हिशेबाची आठवण देतो. पैठणच्या विद्वान ब्राह्मणानें आपलें सर्वांत कडक तत्त्वज्ञान सांगण्यासाठीं गांवाबाहेरच्या माणसाचा आवाज निवडला. दुसऱ्याच्या तोंडानें बोलणें हें नाटककाराचें नेहमींचें काम आहे. परंतु ज्याच्या तोंडानें बोलावयाचें त्याला नाटककार सहसा विदूषक करितो, उपदेशक करीत नाहीं. नाथांनीं तें केलें. भारुड करितांना त्यांनीं त्या माणसाची बोली, त्याच्या काठीचा ठोका, त्याच्या कामाचे बारकावे सर्व टिपले आहेत. हें दारांत उभें राहून दिसत नाहीं. त्यासाठीं थांबावें लागतें, ऐकावें लागतें.

आणि तरीहि हा महार शेवटीं दाराशींच उभा आहे. रचना संपते तेव्हां तो घरांत आलेला नसतो. या ठिकाणीं आम्हांस डॉ. आंबेडकरांचा आक्षेप आठवतो. १९३५ सालीं 'प्रभात'नें एकनाथांवर बोलपट काढिला. बालगंधर्व नाथ झाले होते. त्याचें नांव प्रथम 'महात्मा' असें होतें. तें त्या वेळच्या सेन्सॉरला मानवलें नाहीं, म्हणून 'धर्मात्मा' झालें. तो काळ गांधीजींच्या हरिजन-चळवळीचा, आणि प्रेक्षकांस पडद्यावरच्या पैठणांत आपलाच काळ दिसत होता. जातिसंस्थेच्या निर्मूलनावर १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधावर गांधीजींनीं घेतलेल्या आक्षेपांस उत्तर देतांना आंबेडकरांनीं या बोलपटाचा उल्लेख केला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : नाथांनीं अस्पृश्यास शिवण्याचें, त्याच्याबरोबर जेवण्याचें धैर्य दाखविलें तें अस्पृश्यता त्यांना नामंजूर होती म्हणून नव्हे, गंगेच्या स्नानानें तो विटाळ धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती म्हणून. देवाच्या दृष्टीनें सर्व सारखे, असें संतांनीं शिकविलें. माणसाच्या दृष्टीनें सर्व सारखे, असें शिकविलें नाहीं.

हा वार वर्मीं बसतो, आणि आणखी कथा सांगून तो चुकविणें शक्य नाहीं. महीपतीची कथाच याला साक्ष आहे. रण्या महाराच्या घरीं नाथ जेवले, ही गोष्ट सांगतांना नाथ एकाच वेळीं आपल्या घरींहि दिसतात आणि रण्याच्या घरींहि. जेवणारा तो नाथांचें रूप घेतलेला पांडुरंग होता, असा उलगडा होतो. कथाकाराची लेखणी येथें कांपली आहे. नाथ जेवले असेंहि म्हणावयाचें आहे आणि जेवले नाहींत असेंहि. ज्या गांवांतून गाढवाला गंगा पाजल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकली गेली, त्याच गांवांत पाणवठा माणसांना बंद होता. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं माणसांना पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेव्हां नाथ जाऊन सव्वातीनशें वर्षांहून अधिक काळ झाला होता. एका माणसाचा चांगुलपणा कितीहि खरा असला तरी तो रूढीचें कुलूप आपोआप काढीत नाहीं. उलट असा एक माणूस होऊन गेला, या समाधानांत बाकीचे निश्चिंत झोपूं शकतात. संतचरित्रांचा हा दुरुपयोग आमच्या समाजानें पुष्कळ केला आहे, आणि त्याचा दोष नाथांच्या माथीं मारण्याआधीं तो ऐकणारांच्या माथीं मारावा, असें आमचें मत आहे.

त्याच १९२७ सालीं निघालेल्या 'बहिष्कृत भारत' पत्राच्या शिरोभागीं आंबेडकरांनीं ज्ञानेश्वरींतल्या ओव्या घातल्या होत्या. ज्ञानेश्वरी महाराष्ट्राच्या घरोघर टिकून राहिली ती मुख्यतः पैठणास शुद्ध झालेल्या प्रतीच्या परंपरेनें. नाथांच्या जेवणाचा प्रसंग ज्यांना अपुरा वाटला, त्यांच्या हातापर्यंत नाथांची ती रात्रंदिवसाची पाठशुद्धि पोंचली होती. आक्षेपाचें हें उत्तर नव्हे, हें आम्ही जाणतों.

राहिली घरांतली गोष्ट. नाथांना पत्नी गिरिजाबाई यांच्यापासून हरि नांवाचा पुत्र झाला. तो संस्कृताचा गाढा पंडित निघाला आणि बापाचा विरोधक झाला. बाप देशभाषेंत पुराण सांगतो, कोणाच्याहि घरचें अन्न घेतो, हें त्याला सहन होईना. तो घर सोडून काशीस गेला. नाथ त्याला परत आणावयास गेले. त्यानें दोन अटी घातल्या : प्राकृत पुराण बंद, परान्न बंद. नाथांनीं त्या मान्य केल्या. हरिपंडित पैठणास येऊन पुराण सांगूं लागला आणि श्रोते हळूहळू गळून गेले. पुढें कथेच्या शेवटीं चमत्कार आहे. सहस्रभोजनाचा संकल्प करून दारिद्र्यामुळें तो पुरा करूं न शकलेल्या एका बाईच्या घरीं नाथ जेवतात, हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलितो, तों खालून दुसरी निघते, तिच्याखालून तिसरी, आणि अशा हजार पत्रावळी उचलल्यावर त्याचा गर्व उतरतो. पत्रावळी बाजूस ठेवूं. पूर्वार्धांत चमत्कार मुळींच नाहीं, आणि संतचरित्र लिहिणारा भाविक, संताचा मुलगा बापाला लाजत होता, अशी गोष्ट आपल्या पदरची घालणार नाहीं. म्हणून हा भाग आम्ही सर्व कथांत अधिक विश्वसनीय मानितों.

विश्वसनीय मानिला म्हणजे तो अधिक दुखूं लागतो. काशीच्या पंडितांपुढें ज्यानें भाषेचा सवाल रोखून टाकिला, तोच पुरुष मुलासाठीं ती भाषा बंद करावयास तयार झाला. घरांतला चांगुलपणा आणि कामांतला चांगुलपणा येथें समोरासमोर आले, आणि नाथांनीं घराचा पक्ष घेतला. आम्हांस विचाराल तर तो पक्ष चुकीचा होता. मराठी श्रोत्यांचा त्या पुराणावर हरिपंडितापेक्षां कमी हक्क नव्हता. ते रोज येऊन बसत, तेहि कोणाचीं लेंकरेंच होतीं. परंतु मुलाला परत आणावयास काशीपर्यंत चालत गेलेल्या वृद्ध बापापुढें हा युक्तिवाद करण्यास जीभ रेटत नाहीं. घराण्याची वाणी मुलाच्या वाटेनें गेली नाहीं, ती मुलीच्या वाटेनें गेली. मराठींत महाभारत आणणारा मुक्तेश्वर हा नाथांच्या कन्येचा पुत्र.

अखेरचा ग्रंथ 'भावार्थरामायण'. तो नाथांच्या हातून पुरा झाला नाहीं. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशीं त्यांची लेखणी थांबली. पुढचें काम त्यांनीं ज्याच्यावर सोंपविलें, तो गावबा नांवाचा शिष्य, कथेप्रमाणें लहानपणीं पुरणपोळीखेरीज कशांतहि लक्ष नसलेला, मंद म्हणून हिणवलेला मुलगा होता; पोळीच्या लोभानेंच तो नाथांच्या घरीं येऊन राहिला. ज्ञानेश्वरींत दुसऱ्याची ओवी नको म्हणून ताटांतल्या करवंटीचा दाखला देणाऱ्या नाथांनीं स्वतःच्या ग्रंथाचें ताट त्याच्यापुढें सरकविलें. पंचेचाळिसाव्या अध्यायापासून शेवटपर्यंतचें रामायण गावबाचें आहे, आणि पारायणास बसलेल्या भाविकास तो सांधा बहुधा लागत नाहीं.